एलेनीबाईंना सांगायचं कुणी

मिलिंदच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या डेअरीत दूध घेत होतो. "भाऊजी, मिलिंद गेला," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" ...वेलिंग्टनच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर उभ्याउभ्या कोसळला होता तो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की त्या सरळ रेषेत घातल्या असत्या तर एव्हाना लातूरला पोहोचलो असतो.

लातूर आमच्या दोघांचंही. भिक्खूंना प्रश्न विचारून भंडावणाऱ्या यवन, म्हणजे ग्रीक राजाचं नाव आपल्या बौद्ध समाजात घरोघरी ठेवतात. पण त्या नावापायी ग्रीक शिकलेला मिलिंद हा एकच. इथं त्याच्या शेजारी एलेनीबाई राहायच्या. लहानपणी ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून आलेल्या, हयात मासे तळण्यात गेलेली. त्यांनी कुंपणावरून त्याला शिकवायला घेतलं. धडा ऐकून पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या ग्रीकमध्ये बेंबाटू लागल्या, हे मी शपथेवर सांगतो. मिलिंद तर कामातूनच गेला. मी म्हणावं, "हॉलच्या केंद्रस्थानी टेबल ठेवू," की हा म्हणणार, "केंद्र ग्रीक आहे, मेल्या. दाम ग्रीक, सुरुंग ग्रीक, तुझ्या आजोबांच्या पत्रिकेतली होरासुद्धा ग्रीक. तीन हजार वर्षं माणसांच्या तोंडात टिकलेली भाषा आहे ती. तुझं तोंड बंद होत नाही, तर निदान काय बोलतोस ते तरी माहीत करून घे."

पुढे बाई थकल्या. वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांचं इंग्रजी वाळूसारखं गळून गेलं. उरलं ते लहानपणीचं ग्रीक. त्यांचा मुलगा निक लांब, पापाटोएटोला असतो. आई ग्रीकमध्ये बोलायची आणि हा इंग्रजीत उत्तर द्यायचा, असं वाढलेला... आपल्या पोरांसारखंच. त्यामुळे रविवारी मिलिंद जायचा. दोघं कडाकडा भांडायचे आणि मगच बाई जेवायच्या.

निक फोनवर म्हणाला, "मेट, तिला सांगू नका. खचेल ती." पण सांगायला तरी येत होतं कुणाला? दोन रविवार मी गेलो. आधी पार्किंगमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारायच्या, मग आत. त्या दाराकडे बघून विचारायच्या, "मिलिंद?" मी हातवारे करून त्याला ऑफिसला पाठवला, विमानात बसवला, एकदा तर बहुधा उंटावरही चढवला. कथाकथनातल्या माझ्या थापांवर अख्खी कॉलेजं हसली आहेत. बाई नुसत्या बघत राहायच्या आणि ताट सरकवून द्यायच्या. नर्स म्हणाली, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

त्याच आठवड्यात मिलिंदच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन झालं. वहिनींनी गव्हाची खीर केली होती, आपल्याकडे करतात तशी, अख्खे गहू ठेवून. "बाईंना गोड आवडतं, एवढं तरी घशाखाली उतरेल," म्हणत त्यांनी डबा भरून दिला. मी तो बाईंपुढे ठेवला, झाकण काढलं. त्यांनी चमच्यानं दाणे वर उचलले, बघितले. मग छातीवर क्रूस काढला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मिलिंद." या खेपेला तो प्रश्न नव्हता.

मी घाबरून निकला फोन लावला. डबा, गहू, क्रूस, सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "मेट, उकडलेले गोड गहू आमच्यात गेलेल्या माणसासाठीच करतात. तिला कळलंय. आता ती खाईल. ते खावंच लागतं."

आणि बाई खाऊ लागल्या. सावकाश, दाणा दाणा चावत, डोळे पुसत... अर्धी वाटी संपल्यावर चमचा माझ्या हातात कोंबला. मी खुर्चीच्या कडेवर टेकून एक घास घेतला. त्यांना तो पुरेसा वाटला नाही, म्हणून आणखी घेतला.

मग त्या बोलायला लागल्या. कधी रागावून, कधी हसून, मध्येच खुर्चीच्या हातावर चापट मारून. अधूनमधून मिलिंदचं नाव यायचं, तेवढंच मला कळत होतं. मी एकही थाप मारली नाही. चहाची गाडी येऊन गेली, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, आणि मी तिथंच बसून होतो.