आफियाताईंची बारीक चाळणी

आफियाताईंना काळजी करायला कारण लागत नाही. देवळाली कॅम्पातल्या घरून अंबडच्या कारखान्यात पोचेपर्यंत गॅस बंद केला का, म्हणून त्या वाटेत स्कूटर थांबवून घरी फोन करतात. डबा उघडला की आधी वास घेतात. मी चिडवतो, "ताई, श्वास तरी बिनधास्त घेता ना?" त्या हसतात, पण हो म्हणत नाहीत.

मी रंगनाथ. तान्ह्या मुलांना देतात ती इंजेक्शनं आमच्याकडे भरली जातात. भरणीचं यंत्र मी चालवतो आणि त्या खोलीची हवा ताई सांभाळतात. तिथे हवा येते ती छतातल्या फिल्टरमधून, जंतू अडवायचे ते तिथेच. शिवाय आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे दार किलकिलं झालं तरी हवा बाहेरच जाते, बाहेरची घाण आत शिरत नाही.

गेल्या वर्षी फिल्टर बदलायची वेळ आली. मालक खैरनारसाहेब म्हणाले, होते तसेच आणा. ताई अडून बसल्या, त्यांना त्याहून बारीक गाळणारे हवे होते. त्यांच्या बहिणीचा, मेहविशचा मुलगा हुजैफा दिवस भरायच्या आधी जन्मला होता आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता. त्याच्या हाताला सुई टोचली जाताना ताई बाहेर उभ्या राहून एकच विचार करायच्या, की हे औषध भरलं त्या खोलीत हवा कशी असेल. पोरगं आता ठणठणीत आहे, मावशीची ओढणी ओढत घरभर पळतं. ताईंची भीती मात्र तिथेच राहिली. शेवटी साहेबांनी हात टेकले. "घ्या बाई, तुम्हाला झोप तरी लागेल."

फिल्टर आले, बसले, तपासनीस येऊन गेला. कुठेही गळती नव्हती. ताई त्या दिवशी चक्क निवांत चहा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरणी सुरू करायची होती. मालाला आधीच उशीर झाला होता आणि साहेबांचे फोनवर फोन चालले होते. मी यंत्र सुरू केलं, त्याबरोबर त्याचा हवा ओढून बाहेर टाकणारा पंखाही फिरू लागला. दाराशेजारच्या दाबाच्या मीटरवरचा काटा खाली आला आणि कमीत कमी दाबाच्या रेषेवर थरथरत राहिला.

"रेषेवर आहे, खाली नाही," मी आतून, काचेपलीकडच्या ताईंना ओरडून सांगितलं.

ताईंनी बाहेरच्या बाजूने दाराच्या फटीशी धुराची कांडी धरली. आतल्या हवेने धूर मागे ढकलायला हवा होता. तो जागच्या जागी घुटमळला आणि हळूच आत सरकला.

"रंगनाथभाऊ, यंत्र बंद करा."

मला खरंच राग आला. रोजचीच रड, मी मनात म्हटलं. मी बटणाला हात लावला नाही. ताईंनी तेच पुन्हा सांगितलं आणि साहेबांना बोलावून घेतलं.

साहेब आले ते तापूनच. "हेच फिल्टर तुम्ही मागितले ना? मग आता काय?"

"चूक माझी आहे साहेब. किती बारीक गाळतात तेवढंच मी पाहिलं. त्यांच्यातून हवा ढकलायला जोर किती लागेल ते पाहिलं नाही. छतातून हवा आत ढकलणारा आपला पंखा जुना, त्याला दम पुरत नाही. आणि काल तपासणी झाली तेव्हा यंत्र बंद होतं, हवा बाहेर ओढणारा त्याचा पंखाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. चालवायचं?"

चालवू या, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, कांडीकडे बघत होत्या. साहेबांनी ती त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः फटीशी धरली. धूर पुन्हा आत गेला. माझ्या यंत्राच्या दिशेने, उघड्या बाटल्यांच्या दिशेने तो येताना मी आतून पाहिला. कुणी सांगायच्या आत मी बटण दाबलं.

"मग काय, जाड गाळणारे आणायचे?" साहेबांनी विचारलं.

"नाही. एवढेच बारीक, पण खोल, आत घड्या जास्त असलेले, म्हणजे गाळायला जागा जास्त. अम्मी पीठ बारीक चाळायची, पण चाळणी परातीएवढी मोठी घ्यायची. लहान चाळणीने हात भरून येतात."

छतातल्या चौकटी बदलाव्या लागल्या. अर्धी मागणी दुसऱ्या कारखान्याकडे गेली. ताई रोज येऊन रिकाम्या खोलीच्या दाराशी उभ्या राहायच्या, आणि त्यांना चिडवायला माझी जीभ रेटेना.

नवे फिल्टर बसले. या वेळी यंत्र चालू ठेवून ताईंनी कांडी धरली. धूर जोरात मागे फिरला.

"आता तरी बिनधास्त ना, भाऊ?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "पुन्हा एकदा धरा."