धारा काढली का?

आई गेली आणि म्हशीची धार काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी मराठीचा मास्तर. उमरठच्या रस्त्याला आमचं घर, पोलादपूरच्या शाळेत नोकरी. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तरीही गेल्या मार्चमध्ये माझ्या पुतणीला, मनालीला, दहावीचं विज्ञान शिकवायला मीच बसलो. तिचे आईवडील मुंबईला. ती लहानपणापासून आजीजवळ. माझ्या भावाने फोनवर स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की विज्ञानात पोरगी घसरली तर तो तिला मुंबईला नेऊन क्लासला घालणार. तेव्हापासून आईचा मला रोज एकच प्रश्न : "ऱ्हाईल ना रे पोरगी हिथं?"

पेपरच्या आदल्या दिवशी आई बिरवाडीला बारशाला गेली. जाताना बजावून गेली, की तिला उशीर झाला तर संध्याकाळची धार मनालीने काढायची. हे तिने मला सांगितलं. मी मनालीला सांगायचं होतं. (मी तेव्हा इलेक्ट्रॉन वाचत होतो. ऋणप्रभार असलेला इतका छोटा कण, आणि त्याच्यापायी एवढं पाठांतर!)

संध्याकाळी मनाली माळ्यावर कानात बोटं घालून सूत्रं घोकत होती आणि मी खिडकीशी तिची वही तपासत होतो. गणित होतं : विभवांतर बारा, रोध सहा, तर परिपथातील धारा काढा. उत्तर बरोबर होतं. तेवढ्यात आई एसटीतून उतरून अंगणात आली आणि खालूनच विचारती झाली, "बाबू, धार काढली काय?" मी ऐकलं ते 'धारा'.

आईने अभ्यासाची चौकशी करावी, याने मला भरून आलं.

"काढली!"

"किती आली?"

"दोन."

"दोनच? रोजची चार असते!"

रोजची चार कशी असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण शिकवायच्या भरात असलेल्या मास्तराला प्रश्न पडत नाहीत. मी समजावून सांगितलं, की आत रोध असतो. तो जितका जास्त, तितकी धारा कमी.

"म्हंजे काय अडलंय?"

"अडतंच ना. बारीक आणि लांब असली की जास्त अडतं." (मी तारेबद्दल बोलत होतो. आई म्हशीच्या सडांबद्दल ऐकत होती.)

"मग शेकू काय गरम पाण्यानं?"

आता आईला वीज का शेकायची आहे, हेही मी विचारलं नाही. पुस्तकात होतं ते सांगितलं : "छे! तापमान वाढलं की रोध आणखी वाढतो. थंडच ठेवायचं."

आईने विहिरीचं पाणी शेंदून म्हशीवर ओतायला सुरुवात केली. म्हैस आधीच तुंबलेली, वरून हा अभिषेक. तिने जो हंबरडा फोडला, तो मनालीच्या कानातल्या बोटांनाही पार करून गेला. मनाली पुस्तक आपटून म्हणाली, की आता एक अक्षर डोक्यात शिरत नाहीये, उद्या मी नापास होणार आणि मुंबईला जाणार. खाली आईने ते ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. एका डोळ्यात नात होती, दुसऱ्यात म्हैस. शेवटी तिने शेजारच्यांकडून फोन लावून गुरांचा डॉक्टर बोलावला. आम्ही दोघंही खाली आलो.

डॉक्टर मोटरसायकलवरून आला, म्हशीच्या कासेला हात लावला आणि विचारलं, "धार कधी काढली?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ह्या मास्तरानी काढली."

डॉक्टरने मला चष्म्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही?"

"मी नाही," मी म्हणालो. "मनालीने. वहीत."

पुढचं काही मला सांगावं लागलं नाही. मनाली हसत हसतच बादली घेऊन बसली. पहिली धार बादलीत न जाता माझ्या चष्म्यावर आली, आणि ती चुकून आली असं मला आजही वाटत नाही. आई मात्र गोठ्याच्या खांबाला टेकून बघत राहिली. "काय गो मनाली," ती म्हणाली, "तुज्या काकाची धारा कागदातनं येते. तिचा चा कसा व्हईल?"

पेपरात प्रश्न आला : वाहकाचा रोध वाढल्यास धारेवर काय परिणाम होतो, सकारण लिहा. मनालीने म्हशीचं नाव न घेता सगळी म्हैस लिहिली. विज्ञानात ती वर्गात पहिली आली आणि इथेच राहिली. आईने निकालाचे पेढे आधी म्हशीला चारले.

दिवाळीनंतर आई गेली.

मनाली आता महाडला अकरावी विज्ञानाला जाते. संध्याकाळच्या एसटीने परतते आणि अंगणातूनच विचारते, "काका, धारा काढली का?"

"काढली."

"किती आली?"

"दोन."

उरलेली दोन मग ती काढते. म्हैस तीच आहे. रोध माझ्या बोटांत आहे.