डाव्या कोपऱ्यातला बॉल

हॉकी मला कुणी शिकवली नाही. घरामागे कॉलेजचं मैदान. यजमान गेल्यापासून संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून खुर्ची घेऊन कडुनिंबाखाली जाऊन बसते. बघून बघून कळायला लागलं. अर्धं मैदान क्रिकेटवाल्यांनी धरलेलं, त्यामुळे आमच्या पोरी वर्षानुवर्षं कडुनिंबाकडच्याच गोलवर सराव करतात, आणि त्यांची डावी बॅक उभी राहते ती बरोबर माझ्या खुर्चीसमोर.

पोरींचा खेळ म्हणजे कसा, पान वाढलं रे वाढलं की सगळ्या एकदम पंगतीला. बॉल मिळाला की छोटे छोटे पास देत सगळ्या पुढे धावतात, हाफसुद्धा. बघायला फार गोड. पण मागे उरतात दोन बॅक आणि गोलकीपर. समोरच्यांनी एक लांब फटका मारला की घर उघडंच.

डावी बॅक माझ्याच वरच्या खोलीत भाड्याने राहते. सटाण्याकडची, कांदेवाल्यांच्या घरची. वडिलांनी अट घालून पाठवलंय, संघात आहेस तोवर नाशिक, नाहीतर घरी यायचं. बाहेर जाताना खोलीची किल्ली माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून जायची. इतका विश्वास.

गेल्या महिन्यात मनमाडला सामना होता. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या करून नेल्या, म्हणून पोरींना शिकवणाऱ्या सरांनी गाडीत जागा दिली. दोन गोलने हरलो, आणि दोन्ही गोल डावीकडून. बॉल रेषेकडे निघालेला, आमची बॅक त्याच्यापासून चार पावलांवर, आणि ही नुसती उभी. स्टिक खाली, हात सैल. तिकडची एक चपळ पोरगी आली, बॉल घेऊन आत वळली, गोल. दुसराही हुबेहूब तसाच.

आता ऐका. ती चपळ पोरगी हिची मामेबहीण. सामन्याआधी दोघी एका डब्यातून खाताना मी पाहिल्या होत्या. आदल्या दिवशी जिन्यावर ही फोनवर बोलत होती तेही कानावर पडलं होतं, "तू ये बिनधास्त, मी आहे ना."

एकदा मनात आलं की मग सगळंच तसं दिसायला लागतं. ती गच्चीवर फोन घेऊन गेली की मी खालून कान लावायची. हसली तरी वाटायचं, हरून हसू कसं येतं हिला? गप्प बसली तर वाटायचं, खातंय मन. दोन दिवस पोटात ठेवलं, तिसऱ्या दिवशी सरांना सांगून मोकळी झाले. सर म्हणाले, त्यांनाही तेच वाटत होतं. पुढच्या सामन्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वडिलांचा फोन आला, रविवारी न्यायला येतो म्हणून.

शनिवारी ती मैदानावर आली ती स्टिक परत द्यायला. मी शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा उघडला, जाताना तोंड गोड करावं म्हणून. हातातून झाकण सुटलं, कडेवर उभं राहिलं आणि गडगडत तिच्या पायाजवळून निघालं. तिने नुसतं पाय वाकडा केला असता तरी अडलं असतं. ती उभी राहून बघत राहिली.

"जाऊ द्या आजी, बाहेर गेलं की आणते."

झाकण चुन्याच्या रेषेपलीकडे जाऊन भिंतीला लागलं. मग ती शांतपणे गेली आणि घेऊन आली. माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. इथे त्या कोपऱ्याला उतार आहे. रोज बॉल आपोआप बाहेर जातो आणि आपल्याला मिळतो, म्हणून पोरीला थांबायची सवय लागलेली. मनमाडचं मैदान ताटासारखं सपाट, तिथे बॉल रेषेच्या आतच राहतो.

तिला तिथेच उभं करून मी सरांना ओढत आणलं. सरांनी दोन बोटांनी बॉल जमिनीवर ठेवला आणि सोडला. तो हळूहळू निघाला आणि भिंतीला जाऊन टेकला.

"दहा वर्षं मी इथंच उभा आहे, आजी," एवढंच म्हणाले, खिशातून यादी काढून तिचं नाव परत लिहिलं, आणि तिच्या वडिलांना फोन लावला.

ती राहिली. सर आता तिला दुसऱ्या टोकाला, क्रिकेटवाल्यांशी भांडून, सपाटीवर सराव देतात. मामेबहीण परीक्षेसाठी येऊन चार दिवस वरच राहून गेली. ते "तू ये बिनधास्त" म्हणजे एवढंच होतं.

बहीण गेल्यावर मी वर गेले. म्हटलं, बाई गं, सरांच्या कानावर ते मीच घातलं होतं. ती वेणी घालत होती, हात थांबले नाहीत. रागावली की ती घरची बोली बोलते.

"माले माहीत शे, आजी."

बाकी काही नाही. जेवायला येते, पुऱ्या मागून घेते, गुडघा दुखला की दाखवते. फक्त किल्ली आता सोबत नेते. खिळा रिकामाच आहे.