पुनमचा वायरवाला रिमोट

"भाऊ, मला वायरवाला पाहिजे," पुनमने तिसऱ्यांदा सांगितलं.

धुळ्याच्या त्या दुकानातला दुकानदार आता पार कंटाळला होता. "अहो ताई, आजकाल वायर कोण वापरतं? हे बघा, खोक्यात गेमचं मशीन, अन् सोबत हे दोन रिमोट. बिनवायरचे. गच्चीवरून दाबले तरी चालतात."

"गच्चीवर कशाला जाऊ मी? मला टीव्हीसमोर बसून खेळायचंय. हे दोन राहू द्या, पण तिसरा मला वायरवाला द्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत वायर दिसली पाहिजे."

"मुलासाठी घेताय ना? मुलांना बिनवायरचाच आवडतो."

"मुलासाठी नाही. माझ्यासाठी."

दुकानदाराने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. चौतीस-पस्तीसची बाई, अंगात खाकी ड्रेस, खांद्याला चामड्याची बॅग, गळ्यात तिकिटाचं मशीन. एसटीची कंडक्टर. त्याने शिडी लावली, माळ्यावरून धुळीने भरलेलं एक पाकीट काढलं आणि फुंकर मारून तिच्यापुढे ठेवलं. पुनमने ते तिथेच फोडायला लावलं, वायर लावून, टीव्हीवर चालवून बघितली आणि मगच बॅगेला हात घातला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काय हट्ट वायरचा! तर त्याला कारण आहे, आणि ते तेवीस वर्षं जुनं आहे.

पुनमचं माहेर सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून आत दीड-दोन किलोमीटर. ती अकरा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी, जीवराम आबांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीला लावायचा गेम आणला. पिवळी कॅसेट, दोन रिमोट. गल्लीत पहिलाच. थोरला भाऊ भूषण तेव्हा चौदाचा. त्याने एक रिमोट स्वतः घेतला आणि दुसरा पुनमच्या हातात दिला. "तो निळा माणूस तुझा. दाबत राहा," म्हणाला. अख्खा मे महिना पुनम दुपारची गोधडीवर मांडी घालून बसली आणि बटणं दाबत राहिली. निळा माणूस उड्या मारायचा, तीही मारायची. निळा माणूस जिंकला की ती नाचत स्वयंपाकघरात जायची, आईला सांगायची, शेजारच्या काकूला सांगायची. आईही "हो का वं!" म्हणून तिच्या हातावर गूळ ठेवायची.

शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी तिने गोधडी झाडायला उचलली. खाली तिच्या रिमोटच्या वायरचं टोक होतं. नुसतंच पडलेलं. कशालाच लावलेलं नव्हतं. निळा माणूस मशीनच खेळवत होतं.

ते टोक हातात घेऊन ती भूषणला विचारायला गेली, तर घरात असा हशा पिकला की विचारू नका. भूषण लोळला, चुलत भावंडं लोळली, आबा मिशीत हसले, आणि आई, वच्छलाबाई, पदर तोंडाला लावून हसली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक होतं!

पुढे ती घरची कायमची गंमत झाली. तिच्या सुपारीत भूषणने ती सासरच्यांना ऐकवली, हळदीत ऐकवली, बारशात ऐकवली. कुणी पाहुणा आला की चहाबरोबर 'पुनमचा रिमोट' ठरलेला. नवरा ललितसुद्धा आता रंगवून सांगायचा. पुनम दर वेळी हसायची. न हसून करते काय? रागावली तर "एवढीशी गोष्ट मनाला लावून घेते" असं झालं असतं. पण खरं सांगायचं तर तिला फार लागलं होतं ते. खेळायला मिळालं नाही याचं तिला एवढं काही नव्हतं. ती जिंकल्यावर खरोखर आनंदाने नाचली होती आणि लोक त्या आनंदाला हसत होते, हे तिला आजही आठवलं की कानशिलं तापायची.

म्हणून तिने ठरवलं होतं. त्याच घरात, त्याच भावासमोर बसायचं आणि एक डाव खरा खेळायचा. जिंकू नाहीतर हरू. तो डाव झाला की ही गंमत पुन्हा कुणी सांगायची नाही.

आणि तो डाव आखाजीलाच व्हायला हवा होता. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. कुठं कुठं दिलेल्या पोरी त्या दिवशी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, कामाला हात लावत नाहीत. पण या सगळ्या लेकींना माहेरी पोहोचवतं कोण? एसटी. आखाजीच्या आठवड्यात गाड्यांना लोंबकळायलाही जागा नसते, मग कंडक्टरला रजा कोण देणार! पुनमला नोकरीत अकरा वर्षं झाली होती आणि अकराही आखाज्या तिने गाडीत उभ्याने काढल्या होत्या. धुळे-शिरपूर गाडी दिवसातून चारदा तिच्या माहेरच्या फाट्यावर थांबायची. तिथे दुसऱ्यांच्या लेकी पिशव्या सावरत उतरायच्या. ही दारात उभी राहून घंटी मारायची आणि गाडी पुढे जायची.

यंदा तिने दिवाळीच्याही आधी डोकं चालवलं. सोबतची कंडक्टर दिपमाला, तिचं माहेर अमरावतीकडचं. तिच्याकडे आखाजीचं काही नाही, सगळा जीव दिवाळीत. पुनमने तिच्या दिवाळीच्या चारही ड्युट्या स्वतःवर घेतल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गाडीतच पणती लावली. बदल्यात दिपमालाकडून आखाजीचे दोन दिवस पक्के करून घेतले, आणि नुसत्या तोंडी नाही, साहेबांची सही घेऊन. वर जादा ड्युटीचे पैसे वेगळे ठेवले. भूषणला फोन करून म्हणाली, "तुझ्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव." तो म्हणाला, "मागच्या बाजूचा? पुढची बरी दिसते वं!" पण मशीनची वायर लावायला जागा आहे का, हे तिला बघायचं होतं. फोटो मिळेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

आखाजीच्या सकाळी ती फाट्यावर उतरली. तिच्या दहा वर्षांच्या मुलाच्या, स्वप्नीलच्या, हातात कपड्यांची पिशवी, तिच्या काखेत खोकं. ललितला सुट्टी नव्हती. उतरताना तिने सवयीने घंटीच्या दोरीला हात घातला, तेव्हा गाडीतला कंडक्टर म्हणाला, "मॅडम, आज राहू द्या, आज मी मारतो."

"ऊनी! मन्ही आंडेर आखाजीले ऊनी!" वच्छलाबाई अंगणातच ओरडली. लेक आखाजीला आली म्हणून तिला काय करू नि काय नको झालं. तिने पुनमच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग खोक्याकडे बघून म्हणाली, "हाई काय शे?"

"माझा गेम आहे, माय."

ओसरीवर पितरांची घागर भरलेली होती, वर खरबूज. त्यात आबांचाही वाटा, त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. पुनमने घागरीला हात जोडले आणि बैठकीत जाऊन खोकं उघडलं. भूषण, त्याची बायको मेघा, त्यांची सात वर्षांची रूपा, सगळे भोवती जमले. वायरवाला रिमोट बाहेर निघाला मात्र, भूषणने मांडीवर थाप मारली.

"अरे देवा! वायरवाला आणला हिने! स्वप्नील, तुझ्या आईने हा का आणला, माहीत आहे का?" आणि सुरू झाला. गोधडी, निळा माणूस, गूळ, सगळं. मेघा हसली, स्वप्नील तर खिदळला. रूपाला काही कळलं नाही, ती आपली खोक्यातला फोम बोटाने दाबून बघत होती.

"झालं सांगून?" पुनम म्हणाली. "आता ऐक. पहिला डाव तुझा-माझा. मशीन लाव, मी हातपाय धुऊन येते."

पण हातपाय धुवायला गेलेली बाई स्वयंपाकघराच्या दारावरून सुटते होय! "पुनम, दोनच मांडा टाकी दे वं," वच्छलाबाई म्हणाली. "मन्हा हात दुखस." मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत ताटापेक्षा मोठा करायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा, हे काम मेघाला जमेना, तिचा मांडा फाटायचा. आखाजीला लेकीने चुलीला हात लावायचा नाही, हे वच्छलाबाईलाही ठाऊक होतं. पण खापर तापलं होतं.

"दोनच हं," पुनम म्हणाली. भूषण बैठकीतून ओरडला, "तुझ्याशिवाय सुरू करत नाही!"

दोनाचे चार झाले, चाराचे नऊ झाले. दहावा मांडा हातावर असताना बैठकीतून गाड्यांचा आवाज आला, टायर घासल्याचा, मग टाळ्या. पुनमने हातातला मांडा खापरावर टाकला, पदराला हात पुसले आणि आईने "अजून एक" म्हणायच्या आत बाहेर आली.

टीव्हीवर गाड्यांची शर्यत चालली होती. भूषणच्या हातात बिनवायरचा रिमोट. वायरवाला, तिचा, स्वप्नीलच्या हातात. आणि दोघांच्या मधे रूपा बसली होती, मांडी घालून, जीभ बाहेर काढून, दुसरा बिनवायरचा रिमोट दोन्ही मुठींत धरून. ती अंग वाकडं करून बटणं दाबत होती. पडद्यावरची पिवळी गाडी सगळ्यांच्या पुढे सुसाट चालली होती.

"फुई! बघ, पिवळी माझी! मी पहिली!" रूपा ओरडली. फुई म्हणजे आत्या.

पुनमने रूपाच्या रिमोटकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. भूषणच्या रिमोटचा निळा दिवा लागलेला होता, हिचा बंद. बिनतिकिटाचा माणूस ओळखायला तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात तिला सगळं कळलं.

स्वप्नीलने आईकडे बघून डोळा मारला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं आई खूश होईल. मामाने शिकवलेली गंमत त्याने लगेच करून दाखवली होती. दारात मेघा तोंडावर हात धरून उभी. भूषणही हसत होता, स्वतःच्या लेकीवर.

पुनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वप्नीलच्या एक कानाखाली वाजवावी, असं तिच्या हाताला झालं. पण हात उचलला असता तर रूपाने विचारलं असतं, का मारलं? आणि मग तिला कळलं असतं. ते तिला कधीच कळू द्यायचं नव्हतं. पुनमने राग गिळला आणि गाडीत वापरायची ती आवाजाची पट्टी लावली.

"चला, उतरा! ही शर्यत संपली. स्वप्नील, माझा रिमोट दे. ऊठ. जागा सोड."

"पण आई..."

"ऊठ म्हटलं ना!"

तो आवाज शिरपूरपर्यंत ऐकू जातो. स्वप्नील उठला. पुनमने वायरवाला रिमोट रूपाच्या हातात ठेवला. तिच्या मुठीतला बंद रिमोट काढला आणि भूषणपुढे धरला.

"तुझा मला दे. हा तू धर."

"हा? अगं पण हा तर..." भूषण म्हणता म्हणता थांबला. त्याने बहिणीचं तोंड पाहिलं. ते हसत नव्हतं.

"पिवळी गाडी तुझी," पुनम म्हणाली. "दाबत राहा."

भूषणने रिमोट घेतला. मेघाच्या तोंडावरचा हात तसाच राहिला, पण ती आता हसत नव्हती.

शर्यत सुरू झाली. पुनमचे अंगठे दिवसाला पाचशे तिकिटं काढणारे, ते बटणांवर बसले की बसले. रूपाची लाल गाडी मात्र सुटली ती थेट भिंतीवर. मागे आली, पुन्हा भिंतीवर. मग उलटी फिरली आणि शर्यतीच्या विरुद्ध निघाली. रूपाचा चेहरा उतरला.

"फुई, हा रिमोट खराब आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. "आधीचा चांगला होता. आधी मी जिंकत होते."

भूषण मान खाली घालून हातातल्या बंद रिमोटकडे बघत राहिला.

पुनमने स्वतःची गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. रूपाच्या हातातल्या रिमोटची वायर उचलून तिने मशीनपर्यंत दाखवली. "खराब नाही गं. ही बघ, पक्की लागलीय. गाडी आता तुझं ऐकते. तू डावीकडे दाबलंस की ती डावीकडे जाते, म्हणून धडकते. चल, भिंत दिसली की उजवं दाब."

रूपाने डोळे पुसले. उजवं दाबलं. गाडी वळली. खरंच वळली! तिने घाबरून पुन्हा डावं दाबलं, गाडी डावीकडे वळली. तिचे डोळे एवढे मोठे झाले. पिवळी गाडी कधीच पहिली आली होती, पण रूपाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"पुनम! अजून एकच टाकी दे वं!" आतून वच्छलाबाईची हाक आली.

"माय, मी खेळतेय!" पुनम ओरडली. "भूषणला पाठवते."

भूषण उठला. रिमोट खाली ठेवताना अडखळत म्हणाला, "पुनम, तेव्हा मी..."

"मांडा जळेल, भाऊ. जा."

तो गेला. जरा वेळाने आतून वच्छलाबाईचं ओरडणं आलं, "आरे, फाटना! फाटना!" स्वप्नील आईच्या मागे येऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "आई, पुढचा डाव मी खेळू?"

"रूपाचा झाला की," पुनम म्हणाली. "तिला विचार."

चौथ्या डावात लाल गाडी एकदाही भिंतीवर न जाता कशीबशी शेवटच्या रेषेवर पोहोचली. सहातली सहावी. रूपा रिमोट हातात घेऊनच उठली आणि वायर ताणली जाईपर्यंत नाचली. पुनमही उठून तिच्यासोबत नाचली. आणि आतून पीठभरल्या हातांनी बाहेर आलेला भूषण दारात थांबला, त्याने दोघींना बघितलं आणि यावेळी तो हसला नाही. चुलीजवळच्या डब्यातून त्याने गुळाचा खडा काढून आणला आणि रूपाच्या हातावर ठेवला. मग दुसरा खडा घेऊन तो बहिणीपुढे हात करून उभा राहिला.

पुनमने तो घेतला.