लेकीनं तेल नको म्हटलं

मैत्रिणींनो, शनिवार-रविवार शेगावात लय गर्दी होती. आमच्या खानावळीत दोन दिवस पोळ्या लाटून लाटून माझे खांदे गेले. आज सकाळी उठताच येईना.

माझी लेक पूजा पुण्याहून आली आहे. ती तिथं थाई मसाज सेंटरात काम करते. म्हणाली, "आई, सतरंजीवर झोप. मी करून देते."

मी लगेच तिळाचं तेल कोमट करून आणलं. ती हसली. "याले तेल नाही लागत."

मग माझ्या पायाशी बसून तिनं हात जोडले.

"हे काऊन वं?"

"थाई मालिश सुरू करताना हात जोडावेच लागतात. सगळ्याच गिऱ्हाइकांले जोडते मी."

तळव्यापासून मानेपर्यंत तिनं अंगठ्यानं, कोपरानं दाबत आणलं. तिच्या अंगठ्याले माझ्या हातासारखेच घट्टे पडले आहेत. मले रडू आलं. तिले वाटलं, दुखलं.

दुपारी तिनं नारळाच्या दुधाचं थाई सूप केलं, परसातला गवती चहा टाकून. मी त्यात भाकर कुस्करली. मग तिनंही कुस्करली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "पूजा काय काम करते वं पुण्यात?" दोन वर्षं मी सगळ्यांले सांगत होती, हॉटेलात कॉम्प्युटरवर बसते म्हणून. आज म्हटलं, "मालिश करते. लय गुणाचा हात आहे तिचा."

पूजाचा घास हातातच राह्यला. मग हळूच म्हणाली, "आत्याले आज खरं सांगतलं तू."

म्हणजे मी लोकांले खोटं सांगत होती, हे तिले माहीत होतं. मैत्रिणींनो, तुमच्या लेकरांलेही माहीत असेल का?