क्लचवरचा पाय

दारव्ह्याच्या आसपासच्या गावांत जुना ट्रॅक्टर अडला, की माणसं सेवादासलाच बोलावतात आणि आल्याबरोबर त्याची टिंगल करतात. "आला रे भित्रा मेस्तरी!" अशी आरोळी ठोकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. भिणाऱ्या माणसाला हसायला लागतं काय? दात लागतात, बाकी काही नाही.

सेवादास राठोड तांड्यावरचा, पन्नाशी ओलांडलेला. इंजिन उघडायला घेतलं की वाघ. पण तेच इंजिन बांधून झालं आणि पहिल्यांदा चालू करायची वेळ आली, की त्याची पाचावर धारण बसते. तोंडाला कोरड पडते, दोनदा लघवीला जाऊन येतो, उगाच पोराटोरांवर खेकसतो. तरुणपणी तो वणीच्या एका गॅरेजात हाताखाली होता. तिथं एक इंजिन सुटलं, म्हणजे कुणाच्या बापाला आवरेना इतकं जोरात फिरायला लागलं, आणि फुटलं. लोखंडाचा तुकडा उस्तादच्या खांद्यात घुसला. उस्ताद वाचला, हात गेला. सेवादासनं ते डोळ्यांनी पाहिलं. जन्मभर भ्यायला तेवढं पुरतं.

तर यंदाच्या उन्हाळ्यात त्याला पंचफुलाबाईनं बोलावलं. पंचफुलाबाई म्हणजे जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. मुलगा वणीकडं कोळशाचा ट्रक चालवतो, घरची शेती ती आणि तिची सून जया, दोघीच बघतात. ट्रॅक्टर जयाच चालवते. तो वयानं तिच्याहून मोठा, गेल्या हंगामापासून निळा धूर सोडत होता आणि ऑइल पीत होता. सेवादासनं आवारातल्या मांडवाखाली इंजिन उघडलं, लायनर काढले, नव्या रिंगा बसवल्या, सगळं धुऊनपुसून पुन्हा बांधलं.

आता या भागात एक रीत आहे. बांधलेल्या इंजिनात थोडं का होईना, पण ऑइल घरच्या बाईच्या हातचं पडायला हवं. ही रीत सेवादासला माहीत होती. म्हणून इंजिनात त्यानं स्वतः मापून ऑइल भरलं, आणि पंचफुलाबाईसाठी एअर क्लीनरची वाटी ठेवली. जुन्या ट्रॅक्टरला हवा ओढायचं उभं नळकांडं असतं, त्याच्या बुडाशी ही वाटी. तिच्यात खुणेपर्यंत ऑइल टाकायचं, म्हणजे हवेतली धूळ तिथं बसते.

"मावशी, हे रेघ दिसते ना? इथलोक टाकजा," असं सांगून तो कुंपणाकडं गेला. कशाला गेला ते सांगितलंच आहे.

रेघ होती निम्म्यावर. पंचफुलाबाईनं वाटी पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिच्या घरात पायली मोजायची तर शिगेनं, वाढायचं तर ताट भरून. सणासुदीला अर्धं भांडं ठेवणं म्हणजे दळिद्राला आवतण. "अव माय, अर्धीच काहून? गरिबाघरचं इंजिन हाय का हे?" असं म्हणत तिनं वाटी काठोकाठ भरली, वरून आणखी धार सोडली, आणि मुलगा लावायचा तशी खटके दाबून जागेवर बसवली.

"टाकलं ना, मावशी?" सेवादासनं येऊन विचारलं.

"टाकलं न बाप्पा, भरल्या हातानं टाकलं."

नळकांड्यावरून ऑइलचा ओघळ आला होता. तो त्यानं पाहिला, सांडलं असेल म्हणून फडक्यानं पुसला. एरवी त्यानं वाटी उतरवून पाहिली असती. पण आता इंजिन चालू करायची वेळ आली होती, आणि कधी एकदा हे उरकतं असं त्याला झालं होतं.

ट्रॅक्टरच्या तोंडासमोर पाट मांडला. पाटावर कुंकू, नारळ. पंचफुलाबाई दुखरे गुडघे सांभाळत त्याच्यापुढं बसली, मागं घराची भिंत. शेजारची नंदाबाई तिच्या बाजूला उभी. सेवादास ओरडला, "समोरून उठा बरं! बाजूले व्हा!" पंचफुलाबाई फिदीफिदी हसली. "मेस्तरी, इंजिन हाय, वाघ नोहे. तू भेतोस त भे."

जयानं क्लच दाबला, किल्ली फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्येच होता. हँडब्रेक कधीचा मेलेला, म्हणून या घरात तो गिअरमध्येच उभा करतात आणि क्लच दाबून चालू करतात.

इंजिन पकडलं. काय सुरेख आवाज! पंचफुलाबाईनं हात जोडले. आणि मग आवाज आपोआप चढायला लागला.

जयानं रेस कमी केली. आवाज चढतच गेला. तिनं बंद करायचा दट्ट्या ओढला. काही नाही. दट्ट्या ओढला की डिझेल तुटतं, इंजिन मरायलाच हवं. ते मरेना, उलट किंचाळायला लागलं. सायलेन्सरमधून काळा-पांढरा धूर उसळला, पत्रे थडथडले, जमीन पायांखाली थरथरायला लागली.

"याडी!" असा आईच्या नावानं टाहो फोडून सेवादास पळाला. लपवायचं कशाला? पळाला. गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत धावला, आणि तिथं त्यानं मागं पाहिलं.

सीटवर जया होती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, डोळे पांढरे, आणि डावा पाय क्लचवर टाच रोवून दाबलेला. पाय सुटला की ट्रॅक्टर उडी घेणार, आणि समोर सासू. पंचफुलाबाईला गुडघ्यांनी दगा दिला होता. नंदाबाई तिला काखेत धरून ओढत होती, ती जड बाई जागची हलत नव्हती.

"गिअर काढ! पोरी, गिअर काढ!" सेवादास ओरडला. त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. जयाची मांडी थडथड उडताना त्याला तिथून दिसत होती.

डिझेल तुटलंय तर हे पितंय काय? मग त्याला तो ओघळ आठवला. वाटीतलं ऑइल! हवेबरोबर ओढून घेतंय, वाटी संपेपर्यंत थांबणार नाही, आणि त्याआधी एकतर ते फुटेल नाहीतर त्या पोरीचा पाय सुटेल. हवा कोंडायला हवी. हवेचं तोंड होतं पुढं, बॉनेटच्या वर.

त्याला जायचं नव्हतं. देवाशपथ जायचं नव्हतं. पाय मागं ओढत होते, उस्तादचा खांदा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तरी तो रडत रडत निघाला. पंचफुलाबाईपुढचा पाट उचलला, नारळ कुठं गेला, कुंकू कुठं उडालं, पुढच्या चाकावर चढला, नळकांड्यावरची टोपी कमरेला खोचलेल्या हातोडीनं उडवली आणि पाट तोंडावर दाबून वर छातीनं पडला.

इंजिननं पाट खाली खेचला. एकदा गचकलं, दोनदा गचकलं, सगळा ट्रॅक्टर हादरला, आणि मेलं.

कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. सेवादास चाकावरून घसरून खाली आला.

"मेस्तरी," पंचफुलाबाईचं तोंड कुंकवानं माखलं होतं, "वाटी म्या काठोकाठ भरली होती. माह्या हातानंच..."

"म्या पाह्याले पाह्यजे होतं, मावशी. भेवानं नाही पाह्यलं."

जया अजून तशीच बसलेली. पाय क्लचवरच.

"पोरी, बंद झालं. सोड पाय."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. सेवादासनं हात लांबवून गिअर काढला, दांडा इकडंतिकडं हलवून दाखवला. "हे पाह्य, निघाला गिअर. मेलं ते. सोड."

"आई समोर हाय," ती कशीबशी म्हणाली.

नंदाबाईनं पंचफुलाबाईला केव्हाच बाजूला नेलं होतं. जयाला ते दिसतच नव्हतं.

सेवादासनं ट्रॅक्टरकडं पाहिलं. मेलेलं इंजिन काही करत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण धूर अजून निघत होता, आणि मन काही ते मानेना. तो पुढं गेला आणि पंचफुलाबाई बसली होती तिथं, भिंतीला पाठ लावून, ट्रॅक्टरच्या तोंडासमोर मांडी घालून बसला.

"आता सोड," तो म्हणाला. "म्या बसलो इथं."

जया त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिचा पाय हळूहळू वर आला. ट्रॅक्टर तसूभरही हलला नाही. सेवादासनं मात्र डोळे घट्ट मिटून घेतले होते, ते काही केल्या उघडेनात. शेवटी जयालाच खाली उतरून त्याच्या खांद्याला हात लावावा लागला.

"काका, सोडला म्या पाय. उघडा आता डोये."