पाटीवरची दुसरी ओळ

२०१८ साल. मी सत्तर वर्षांचा होतो आणि फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, माझं पाट्या रंगवायचं दुकान अजून चालू होतं. चालू म्हणजे शटर रोज उघडायचं. आजूबाजूचे सगळे मशीनवर छापून द्यायला लागले होते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण पणजोबा या हिंदी मुलखात दरबारच्या कचेरीत कारकून म्हणून आले, अक्षर आमच्या घरचं आहे, आणि ते मशीनच्या हवाली करायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दुपारी चार वाजता सर यायचे. युनिव्हर्सिटीत झाडापाल्याचं शास्त्र शिकवायचे. पस्तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा खोलीच्या दाराची पाटी माझ्याकडून करून घेतली. वर नाव, खाली ‘व्याख्याता’. पुढे बढती मिळाली की पाटी काढायची, सायकलला बांधायची आणि माझ्याकडे आणायची. मी नावाला हात लावत नसे. फक्त खालची ओळ खरवडायची, तिथं सफेदा द्यायचा, नवा हुद्दा लिहायचा. व्याख्याताचा रीडर झाला, रीडरचा आचार्य, म्हणजे प्रोफेसर. नाव तेच, पहिल्या दिवशी लिहिलेलं.

काम नसलं तरी यायचे. दोन कट चहा, एक बाकडं. ते झाडांचं बोलायचे, मी गिऱ्हाइकांचं. एकमेकांचं किती कळत होतं देव जाणे. आता सर नाहीत, दुकानही राहिलं नाही, तरी चार वाजले की मला घरात बसवत नाही.

त्या साली सर रिटायर झाले, आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाटी घेऊन आले.

“पेंटर, खुशखबर. युनिव्हर्सिटीनं मला मानद आचार्य केलं.”

“पगार किती?”

“पगार नाही. खोली देतात, नाव देतात, काम करत राहा म्हणतात. विभागानं नाव सुचवलं, समितीनं माझं आजवरचं काम तपासलं, मग कार्यपरिषदेत ठराव झाला. अर्ज करून मिळत नाही ते.”

“म्हणजे बिनपगारी नोकरी. आणि त्याची खुशी.”

“तुम्हाला कोण पगार देतं? तरी शटर उघडताच ना?” सर हसले. मग जरा थांबून म्हणाले, “अजून एक आहे. एका माणसानं आईच्या नावानं युनिव्हर्सिटीत ठेव ठेवली. तिच्या व्याजावर रंग देणाऱ्या झाडांचा अभ्यास चालणार. त्याला अध्यासन म्हणतात. ते मला दिलंय. म्हणून पाटीवर आधी त्या बाईंचं नाव, मग ‘अध्यासन’, आणि खाली माझं.”

मी पाटी बघितली. वर जागा नव्हतीच. वर सर होते.

“नाव खरवडू?”

“नाहीतर नवी करा.”

“नवी कशाला? पैसेवाल्याची आई वर आणि पस्तीस वर्षं शिकवणारा खाली? मी नाही लिहिणार. मशीनवाल्याकडे जा.”

“अहो, रीतच आहे ती. बसणारे बदलतात, नाव त्या बाईंचं राहतं.”

“मग बसू नका.”

हे मी बोललो. सरांनी अर्धा कट तसाच ठेवला आणि पाटी न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही. पाटी मी भिंतीकडे तोंड करून ठेवली. चहावाला विचारायचा, “प्रोफेसर साब नहीं आए?” मी म्हणायचो, “बिजी हैं.” पुढे त्यानं विचारणं सोडलं, ते मला जास्त लागलं. युनिव्हर्सिटी काही लांब नाही, पायी गेलो असतो तरी पाऊण तासाचं काम. गेलो नाही. दिवाळी झाली. चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली की ब्रश आपोआप थांबायचा. दुसराच कोणी असायचा.

थंडी पडल्यावर एक म्हातारा आला, जवळजवळ माझ्याच वयाचा. भैरवगढचा, ठप्प्यानं कापड छापणारा. नखांत निळा रंग मुरलेला.

“बोर्ड आपके यहाँ है? मेरी माँ वाला.”

मी मनात अंगठ्या घातलेला शेठ धरून बसलो होतो. त्याला बाकड्यावर बसवलं. सर बसायचे तिथंच. त्यानं सांगितलं, आई जन्मभर चादरी छापायची. कोणत्या सालीतून, कोणत्या मुळीतून कोणता रंग उतरतो हे सर तिला वर्षानुवर्षं विचारायला यायचे. जमिनीवर बसून ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यायचे. ती गेल्यावर त्यानं सडकेलगतचा प्लॉट विकला आणि ठेव ठेवली.

“अंगूठा लगाती थी,” तो म्हणाला. “उसका नाम किसी ने ढंग से लिखा ही नहीं.”

“तो छपवा लो,” मी म्हणालो. अजून अकड गेली नव्हती.

“विभागवाले छपवा के लाए थे. सर ने लौटा दिया. बोले, लिखेंगे तो पेंटर साहब, नहीं तो दरवाज़ा खाली रहेगा. चार महीने से दो कीलें लगी हैं, बस.”

मी चहा मागवला. जाताना त्यानं आईचं नाव सांगितलं, मी ते दोनदा विचारून घेतलं. “देखता हूँ,” एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शटर उघडलं. पाटी सरळ केली आणि पस्तीस वर्षांत ज्याला पत्ती लावली नव्हती ते नाव खरवडायला घेतलं. रंग जुना, निघता निघेना. सफेदा देऊन तो सुकेपर्यंत दारात उभा राहिलो, पोहेसुद्धा खाल्ले नाहीत. मग वर त्या बाईंचं नाव लिहिलं, जितकं जमलं तितकं सुंदर. त्याखाली ‘अध्यासन’. त्याखाली सरांचं नाव, मानद आचार्य. ओली पाटी सायकलला बांधता येत नाही. ती दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली आणि चार वाजायची वाट न बघता पायीच युनिव्हर्सिटीकडे निघालो.